पाय न सुटणारी सायकल

आमच्या नामाचं जावळ काढलं त्याच दिवशी ह्यांचा पाय मोडला, म्हणजे सन एकोणऐंशीचा चैत्र. मामाच्या मांडीवर पोर रडायला लागलं म्हणून हे त्याला हसवायला घोडा होऊन नाचले आणि नाचता नाचता देवळाच्या पायरीवरून खाली गेले. पोर हसलं, न्हावी हसला, सगळे पाहुणे हसले. ह्यांच्या नडगीचं हाड मोडलंय हे मागून कळलं.

तिसऱ्या दिवशी सदूभाऊजी भेटायला आले. सदूभाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. आम्ही कासार, बांगड्या भरणारे. हे वांगरीतून सायकलीवर पेटी बांधून अकरा गावं फिरायचे, आणि भाऊजी पलीकडच्या पेठेतून नऊ गावं फिरायचे. आमच्यात गावं ठरलेली असतात, एकानं दुसऱ्याच्या गावात पेटी उघडायची नाही. पण त्याला एक अपवाद आहे. लग्नात नवरीचा हिरवा चुडा ज्याच्या हातानं भरला, त्याचं ते घर. आणि घर मोठं असलं, तर त्याच्या मागं सगळं गाव जातं.

भाऊजींनी प्लास्टरवर हात फिरवला.

"दादा, तुमी निवांत पडा. करंजोळ्याच्या देवकरांचा चुडा अकरा दिवसांवर आलाय. मी भरून येतो. तुमचं गाव ते माझंच की."

त्या शेवटच्या वाक्यावर ह्यांचा चेहरा असा झाला की मोडलेल्या पायावर कुणी बसलंय. करंजोळे आमच्या अकरा गावांत सगळ्यांत मोठं. दोनशे उंबऱ्याचं गाव, आणि देवकर म्हणजे त्या गावाचं नाक. पण नाही कसं म्हणायचं? नवरीचे हात मोकळे ठेवायचे का?

मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "चुडा आपल्याच पेटीतनं जाईल. मी जाते."

"तुमी?" भाऊजी म्हणाले. "यष्टी फाट्यापर्यंत, वहिनी. पुढं पाच मैल चालायचं. चाळीस बायकांच्या बांगड्या डोक्यावर घेऊन?"

"चालत न्हाय जायची."

"बैलगाडीत घातल्या तर निम्म्या वाटंतच वाढतील."

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

"सायकलीवर जाते," मी म्हणाले.

भाऊजींच्या नाकातून चहा आला. उपरण्यानं तोंड पुसत ते उठले. "बरं. मी त्या दिवशी तिकडं असतोच. तुमी पोचला न्हाय, तर माझी पेटी हाय."

ते गेल्यावर ह्यांनी मला बाजेपाशी बोलावलं. मग म्हणाले, "तुला सायकल येते?"

"न्हाय."

"मग?"

"अकरा दिवस हायत."

कोपऱ्यात नामाला घेऊन बसलेल्या आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुढं सरकल्या. त्या म्हणाल्या, "पोर मी सांभाळते. पण दिवस मावळायच्या आत ये. ते तुझ्याबिगर झोपत न्हाय. आणि पडलीस तर अंगावर पड, पेटीवर पडू नको."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. बांगड्या भरायला वडिलांकडून सातव्या वर्षी शिकले होते. हाताची बोटं कशी जुळवायची, अंगठ्याखालचं हाड कसं आत घ्यायचं, माहेरी असताना मी माझ्यापेक्षा मोठ्या बायकांना भरल्यात. त्याची चिंता नव्हती. सायकलीला मात्र मी कधी हातसुद्धा लावलेला नव्हता.

ह्यांची सायकल ढकलत दस्तगीरभाईंच्या दुकानात नेली. दस्तगीर मुलाणी ह्यांचे दोस्त. तरुणपणी एका सर्कशीत सायकली दुरुस्त करायला होते, मग वांगरीत येऊन टपरी टाकली. त्यांनी पायडल फिरवलं. पायडल गरगर फिरलं, चाक हललंच नाही.

"कुत्री झिजली," ते म्हणाले.

"कुणाची?"

"ह्याच्या आतली, वहिनी. मागच्या चाकाला ही चकती असती, फ्रीव्हील. तिच्यात लोखंडाची बारकी कुत्री असत्यात. ती चाकाला धरत्यात. कोण चालवणार ही?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ब्रेक दाबून बघितला, माझे हात बघितले, परत ब्रेक बघितला. "कुठं जायचंय?"

"करंजोळ्याला."

"मोरखिंडीचा उतार उतरून?"

"दुसरी वाट हाय का?"

त्यांनी डोकं खाजवलं. "फ्रीव्हील काय आता मिळायचं न्हाय. मी एक करतो." चाक काढून ते शेजारच्या नांगर जोडणाऱ्याकडं गेले. निळा उजेड झाला, ठिणग्या उडाल्या, आणि तासाभरानं चाक परत आलं.

"आता चाक आणि पायडल एकजीव झालं," ते म्हणाले. "चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. पाय हळू केले की चाक हळू. पाय मागं रेटले की सायकल थांबली. ब्रेक हाय, पण ब्रेक विसरा."

"सगळ्याच सायकली अशा असतात न्हवं?"

"तुमची अशी हाय," ते म्हणाले. "आणि घरी मुरलीला हा जोडाचा डाग मारलेला सांगू नका. त्याचा त्या सायकलीवर जीव हाय."

मग आम्ही ती सायकल माझ्यासारखी करायला घेतली. बसायची गादी खाली घेतली आणि तिच्यावर मी गोधडीचा तुकडा शिवला. साखळीत लुगडं जायचं म्हणून गोडेतेलाचा पत्र्याचा डबा कापून साखळीला झाकण केलं. मधल्या दांडीचं काय करायचं, असं दस्तगीरभाईंनी विचारलं. मी म्हणाले, "नऊवारीला काय होतंय दांडीचं? कासोटा मारलेला हाय." पेटी तर मी स्वतःच बसवली. फाटलेल्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या कॅरिअरला ताणून बांधल्या आणि त्यांच्या जाळ्यावर पेटी ठेवली. आत तळाला लाकडाचा भुसा. बांगड्यांच्या जुड्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळल्या, मध्ये मध्ये परत भुसा. हलवून बघितली तर पेटी पाळण्यासारखी डुलायची.

शिकणं मात्र बाजेवरून चाललं होतं. हे अंगणातल्या बाजेवर पडून मला सांगायचे आणि मी समोरच्या माळावर करायची.

"डावा पाय पायडलवर ठेव. उजव्यानं दोनदा भुई रेट. मग टांग मार."

मी पाय ठेवला, भुई रेटली, तसं पायडल पाय घेऊन गोल फिरलं आणि मी बाभळीच्या काट्यांत बसले.

"असं कसं पडतीस?" हे ओरडले. "एवढुशी पोरं करत्यात!"

त्या सायकलीवर मला टांग मारता येतच नव्हती. पाय ठेवला की पायडल पळायचं. शेवटी मी एका मोठ्या दगडावर उभं राहून चढायला लागले. एकदा चढले की चालायची. पण उतरले की परत दगड शोधायचा.

चौथ्या दिवशी हे म्हणाले, "आता उतार शीक. उतार आला की पाय थांबव. चाक आपलं आपलं पळतंय. मजा येती."

मी विहिरीकडच्या उतारावर गेले आणि मधोमध पाय थांबवले. कोपर सोलून, केसांत कुसळं घेऊन परत आले.

"थांबवले पाय?"

"थांबवले."

"मग?"

"सायकल न्हाय थांबली. मी थांबले. आडवी."

आत्याबाईंनी हळद आणली. हे सायकलीकडं बघायला लागले. "आणि ढकलताना तिचा किटकिट आवाज का येत न्हाय? माझी सायकल लांबनं ऐकू यायची."

"दस्तगीरभाईंनी तेल घातलंय."

"लई घातलंय," हे म्हणाले.

त्या रात्री मला कळलं की दोघांचं ऐकून चालायचं नाही. ह्यांचं तोंडावर ऐकून घ्यायचं आणि दस्तगीरभाईंनी सांगितलेलं करायचं. पाचव्या दिवसापासून तसं केलं. पाय मागं रेटायचे, म्हणजे चाक दमानं यायचं. बैलाला कासरा लावल्यासारखं. उतरायच्या वेळी मागचं पायडल वर येतं, त्याच्यावरच उभं राहिलं की ते आपल्याला उचलून मागं ठेवतं. सातव्या दिवशी रिकाम्या पेटीत पाण्याचा तांब्या ठेवून विहिरीपर्यंत जाऊन आले. निम्मं पाणी सांडलं. नवव्या दिवशी ओंजळभर सांडलं. दहाव्या दिवशी मी तांब्या काढून बांगड्या भरल्या.

निघाले त्या सकाळी हे बाजेवर उठून बसले. "हौसा, मोरखिंडीत घाबरू नको. पाय सोड आणि ब्रेक धर."

"बरं," मी म्हणाले.

खिंडीपर्यंत मजेत गेले. शेतातली माणसं खुरपी टाकून बघायला उभी राहात होती. एक म्हातारा म्हणाला, "कासारीण हाय का पोष्टमन?" खिंडीच्या तोंडाशी मागून किटकिट ऐकू आली. सदूभाऊजी. नवी कोरी सायकल, हँडलला रंगीत गोंडे, मागं पत्र्याची चकचकीत पेटी.

"वहिनी! खरंच निघाला की!"

"म्हणाले तसं निघाले."

मग उतार सुरू झाला. पाऊण मैल सलग उतार, खडी उखडलेली, आणि तळाला मोरीपाशी वळण. भाऊजींनी पाय थांबवले आणि अलगद माझ्या पुढं गेले.

"अवो, पाय कशाला फिरवताय उतारावर? पाय सोडा की!"

"सुटत न्हाईत!"

"काय?"

"सुटत न्हाईत म्हंते!"

ते हसले आणि सुसाट गेले. धुळीचा लोट तेवढा मागं राहिला.

चाक पाय ओढत होतं आणि मी पायांनी चाक ओढत होते. एकदा वाटलं, ह्यांचं ऐकावं, पाय काढून घ्यावेत. पण काढून घेतले तर पायडलं भिंगरीसारखी फिरतील आणि परत त्यांच्यावर पाय ठेवायला मिळणार नाही, हे मला विहिरीकडच्या उतारानं शिकवलं होतं. मी पाय रेटत राहिले. सायकल बाई चालल्यासारखी चालत होती. मागं पेटी डुलत होती. खाली वळणावर भाऊजींची सायकल मोरीच्या दगडावरून उडाली, आपटली, डगमगली आणि तशीच पुढं गेली. भाऊजी पडले नाहीत. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

मी वळणावर पोचले तेव्हा धनगराची मेंढरं मोरी ओलांडत होती. शे-दीडशे मेंढरं. मी थांबायला पाहिजे होतं. पण आजूबाजूला चढायला दगड दिसेना, सगळी बारीक खडी. म्हणून मी न उतरता मेंढरांतून जायला लागले. वीतभर पुढं, थोडं थांबून, परत वीतभर पुढं. एक मेंढरू चाकाला अंग घासत सोबत चाललं.

धनगर काठीवर हनुवटी ठेवून बघत होता. "बाई, उतर की!"

"उतरले तर परत चढायला दगड लागंल!"

"मग चढायला येत न्हाय तर बसलीस कशाला?"

"चुडा न्यायचाय!"

तो इतका हसला की त्याची काठी पडली. पण मग त्यानंच "हुर्र, हुर्र" करत मेंढरं बाजूला केली आणि म्हणाला, "जा. नवरीला सांग, धनगरानं वाट दिली."

देवकरांच्या अंगणात मांडव पडला होता. मी पोचले तेव्हा भाऊजी घोंगडीवर बसले होते. त्यांच्या पेटीला हळदीकुंकू लावून झालं होतं, समोर पाटावर नवरी बसली होती, भोवती तीस-चाळीस बायका. आणि सगळ्या पेटीत बघत होत्या.

पेटीचं झाकण उघडं होतं. वरच्या कप्प्यात हिरवा चुरा. भाऊजींनी दुसरा कप्पा काढला, त्यातही चुरा. तिसरा उचलताना आतून वाजलं, तसा त्यांनी तो तसाच खाली ठेवला. नवरीच्या पुढ्यात असं होणं म्हणजे केवढा अपशकुन, ते आमच्या लोकांना सांगायला लागत नाही. सिंधू नाव होतं तिचं. अठरा वर्षांची पोर, डोळे भरून आलेले. तिची आजी, जिला सगळं गाव थोरल्या बाई म्हणायचं, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"वाढवल्या वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं.

त्याच वेळी मी मांडवात शिरले. शिरले खरी, पण बायकांच्या गर्दीत उतरायला मोकळी जागा दिसेना, म्हणून मी मांडवाच्या मधल्या खांबाभोवती एक फेरी घातली.

"अगं थांब की गं!" थोरल्या बाई ओरडल्या.

"थांबते, थांबते! ओट्यापाशी थांबते!"

दुसऱ्या फेरीला ओटा आला. मी पायडलावर उभी राहिले, त्यानं मला उचललं आणि मी ओट्यावर उतरले. एक बाई हसली. मग दुसरी. सिंधू नाक ओढत हसली.

पेटी सोडून घोंगडीवर आणली. भुसा बाजूला केला, चिंधी उलगडली. वरच्या जुडीतल्या तीन गेल्या होत्या, त्या मी पदराखाली घेतल्या. बाकी सगळ्या होत्या तशा. हिरव्यागार.

थोरल्या बाईंनी एक उचलून उजेडात धरली. "कुणाची बायको तू?"

"वांगरीच्या मुरलीधर कासाराची."

"तो कुठं हाय?"

"घोडा झाला होता, पाय मोडला."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. "बस," म्हणाल्या. "हिचा हात घे."

मी सिंधूचा हात घेतला. शेतात काम केलेला हात, सांधे मोठे. बोटं जुळवली, अंगठा आत घेतला आणि एकेक बांगडी चढवली. एकही वाढवली नाही. भरून झाल्यावर रीतीप्रमाणं ती माझ्या पाया पडली. मी मान वर केली तेव्हा भाऊजी कोपऱ्यात रिकाम्या पेटीपाशी बसले होते. खाली मान घालून गोंड्याचा दोरा सोडवत होते.

बायका चाळीस होत्या आणि ऊन कललं होतं. घरी नामा.

"भाऊजी," मी म्हणाले, "मला दिवस मावळायच्या आत लेकराकडं जायचंय. हात लावा."

"मी?"

"तुमचा हात माझ्यापेक्षा मऊ हाय. दादांनीच सांगितलंय."

दादांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. ते उठून माझ्या शेजारी बसले आणि माझ्या पेटीतल्या बांगड्या भरायला लागले. पाच-सहा बायका झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, एवढा उतार उतरून बांगडी जित्ती कशी राहिली?"

"पाय सुटत न्हाईत म्हणाले की तुम्हाला."

जाताना थोरल्या बाईंनी माझ्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात धाकटीचं हाय. तूच ये. पण मांडवात फेऱ्या घालू नको, फेऱ्या नवरा-नवरी घालतील." भाऊजींनी मला पेटी सायकलीला बांधायला मदत केली. त्यानंतर त्यांनी आमच्या अकरा गावांत कधी पेटी उघडली नाही.

दोन महिन्यांनी ह्यांचं प्लास्टर निघालं. पहिल्याच दिवशी झोकात टांग मारली, विहिरीच्या उताराला लागले आणि सवयीनं पाय थांबवले. आम्ही त्यांना उकिरड्यातून बाहेर काढलं.

"ही माझी सायकल न्हाय!" ते शेण पुसत म्हणाले.

"न्हायच," आत्याबाई म्हणाल्या. "तिची हाय."

ह्यांनी वर्षभरानं दुसरी घेतली. सहा गावं त्यांनी केली, पाच मी. करंजोळे माझ्याकडं. सव्वीस वर्षं मी ती एकच सायकल चालवली. मधली दांडी दोनदा जोडली, टायर कितीदा तरी बदलले, पण मागचा डाग तसाच ठेवला.

बावन्नाव्या वर्षी नातीच्या पाटीवर मी अक्षरं शिकले. शिकल्यावर दिसेल ते वाचायचं वेड लागलं. एकदा दस्तगीरभाईंच्या दुकानात ट्यूबला ठिगळ लावायला गेले होते. भाई म्हातारे झाले होते, दुकान पोरगा बघायचा, ते बाकावर बसून असायचे. मी फळीवरचे डबे वाचत होते. प्रत्येकावर त्यांच्या हातचं रंगानं लिहिलेलं. छर्रे. खिळे. सोलुशन. फ्रीव्हील.

"भाई, फ्रीव्हीलचा डबा कवापासनं हाय इथं?"

"दुकान घातलं तवापासनं."

"कायम भरलेला?"

"कायम. ते तर रोज लागतंय."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी आधी बाहेर बघितलं, मग हसायला लागले. दात राहिले नव्हते.

"मग त्या साली मला मिळायचं न्हाय म्हणालात, ते?"

"त्या दिवशी बी हा डबा तुमच्या डोक्यावरच होता, वहिनी. तुमाला वाचता येत न्हाय म्हणून मी निवांत बोललो."

"का पण?"

"ब्रेक दाबून बघितला, रबरं घासलेली. तुमचे हात बघितले. बांगडी भरायचे हात, ब्रेक दाबायचे न्हवं. नवीन माणूस उतारावर पाय सोडतोय. सर्कशीत लई बघितल्यात. म्हणून पाय सुटणारच न्हाईत अशी करून टाकली."

"मग तेव्हाच सांगायचं."

"सांगितलं असतं तर मुरलीनं दुसऱ्या दिवशी फ्रीव्हील घालायला लावलं असतं. आणि तुमी मोरखिंडीत भाऊजींच्या मागं गेला असता."

पोरानं ट्यूब चढवून सायकल पुढ्यात आणली. भाईंनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि मी ओट्यावरून चढेपर्यंत धरून उभे राहिले.

दस्तगीर मुलाणी सन दोन हजार आठ साली, रमजान ईदेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी वारले.